समुद्र विसरलेला मासा

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात 1941 सालच्या नोव्हेंबरमध्ये सँटी नदी अडवली गेली. वीज हवी होती, मंदीच्या दिवसांत हातांना काम हवे होते. साडेबारा हजारांवर मजूर तिथे राबले, त्यांतले बहुतेक कुऱ्हाड आणि करवत घेऊन. मॅरियन आणि मोल्ट्री असे दोन जलाशय झाले. एक सुमारे एक लाख दहा हजार एकरांचा, दुसरा साठ हजारांचा.

या पाण्यासाठी 901 कुटुंबे उठवली गेली. त्यांत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची घरे पुष्कळ होती. सहा हजारांवर थडगी उकरून दुसरीकडे नेली. जिवंत माणसाला निदान विचारता तरी येते, कुठे जातोस म्हणून.

त्याच पाण्यात एक मासाही अडकला. स्ट्राइप्ड बास, म्हणजे अंगावर काळ्या रेघा असलेला बास. हा मूळचा समुद्राकडचा. आपल्याकडे बंगालातला हिल्सा जसा अंडी घालायला गंगेत चढतो, तसा हा वसंतात नदीत चढतो आणि पुन्हा खाली उतरतो. 1975मध्ये फराक्क्याचा बंधारा झाला आणि हिल्साची वाट तुटली. सँटीतल्या बासचेही तसेच होईल, असे कुणालाही वाटले असते.

तसे झाले नाही. 1950च्या दशकात लक्षात आले की जलाशयात बास वाढतो आहे. बोटभर लांबीची पिल्लेही सापडतात. मग त्याची अंडी कुठे पडतात?

या अंड्याला थोडे वाहते पाणी लागते. ते तरंगत नाही, पुरते बुडतही नाही. प्रवाहाने उचलून धरले तर साधारण दोन दिवसांत फुटते. तळाशी बसले तर गाळात गुदमरते. धरणाच्या वर काँगरी आणि वॉटरी या दोन नद्या मिळून सँटी होते आणि त्या दोन्ही नद्या पुरेशा लांब मोकळ्या राहिल्या होत्या. मासे जलाशयालाच समुद्र समजून वसंतात त्यांत चढत होते. हे कुणी आखलेले नव्हते. इंजिनियरांनी जे बांधले नाही, त्याने मासा वाचवला.

पुढे मॉन्क्स कॉर्नर या गावी 1961मध्ये अंडी उबवण्याचे केंद्र निघाले. रॉबर्ट स्टीव्हन्स या जीवशास्त्रज्ञाने मादीला संप्रेरकाची सुई देऊन हवी तेव्हा अंडी मिळवण्याची रीत बसवली. तिथून हा मासा टेक्सासपर्यंतच्या गोड्या पाण्यात पोचला.

गळ टाकणाऱ्याला मात्र आजही ऋतूच बघावा लागतो. एप्रिलमध्ये पाणी सतरा-अठरा अंशांवर आले की बास नद्यांत. जून उजाडला की तो खोल, थंड पाणी शोधतो. पण खोलात प्राणवायू कमी आणि वर ऊन. या चिमट्यात मोठा मासा उपाशी राहतो, कधी मरतो. पकडून सोडलेला तर फारसा जगत नाही. म्हणून तिथल्या कायद्याने ऐन उन्हाळ्यात तो ठेवायलाच बंदी केली. शरदात हेरिंगच्या थव्यांमागे झुंडी वर येतात, थंडीत पाण्यावर घिरट्या घालणारे समुद्रपक्षी त्यांचा पत्ता सांगतात.

गरिबाच्या ताटातले मासे वेगळे. एका तव्यात मावतील असे, म्हणून इंग्रजीत त्यांना पॅनफिशच म्हणतात. ब्लूगिल मे महिन्यात काठाशी वाळूत गोल खळगे करून अंडी घालतो. क्रॅपी त्याच्याआधी, पाण्यातल्या झाडांच्या आसऱ्याने. ही झाडे तिथे का राहिली? डिसेंबर 1941मध्ये पर्ल हार्बर झाले, युद्धाला वीज तातडीने हवी होती, आणि मॅरियनचे जंगल पुरते तोडण्याआधीच पाणी भरले. क्रॅपीची वस्ती त्या घाईतून झाली.

बासची कथा माहितीपत्रकांतून हौसेने सांगितली जाते. 901 कुटुंबांची गोष्ट त्यामानाने थोड्यांना ठाऊक असते. आपल्या उजनीत पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ वर येते. मॅरियनमध्ये फर्ग्युसन नावाच्या जुन्या लाकूडगावाच्या भट्टीच्या विटा दिसतात. त्या भागात नावाडी यंत्र मंद करतात, बुंध्याला नाव लागू नये म्हणून.