ठिसूळ पार्सिंग (सॉफ्टवेअर चाचणी)

कमांड-लाइन साधनाने माणसासाठी छापलेल्या मजकुरातून स्क्रिप्टने ठरावीक शब्द, ओळ किंवा रकाना उचलायचा आणि त्यावरून चाचणीचा निकाल लावायचा, याला आउटपुट पार्सिंग म्हणतात. मजकुराची मांडणी जराशी हलली की जे कोलमडते ते ठिसूळ पार्सिंग. अशी चाचणी कधी प्रोग्राम बरोबर असताना नापास होते, तर कधी तो चुकत असताना उत्तीर्ण होते. पहिल्याचा त्रास लगेच जाणवतो. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण हिरवा निकाल कोणी उघडून पाहत नाही.

या सवयीचे मूळ युनिक्समध्ये आहे. 1973 मध्ये तिथे पाइप आला आणि एका साधनाचे आउटपुट दुसऱ्याला पुरवणे सोपे झाले. दोघांमधला दुवा म्हणजे साधा मजकूर. ही सोय अप्रतिम आहे; फक्त त्या मजकुराची मांडणी उद्याही तशीच राहील, असे वचन बहुतेक साधनांनी कधी दिलेले नाही.

महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या यादीवरून हा दोष चांगला दिसतो. समजा, एखादा प्रोग्राम दर ओळीला एक जिल्हा छापतो आणि चाचणी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या साधनाने ‘नगर’ असलेल्या ओळी मोजते. बोलताना अहमदनगरला सगळे नगरच म्हणतात, त्यामुळे हा शोध सहज सुचतो. पण ‘मुंबई उपनगर’ त्यात पहिल्यापासूनच सापडते. सप्टेंबर 2023 मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि दोनाच्या जागी तीन ओळी आल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा मोजणी तीनच राहिली. मात्र ‘अहमदनगर’ हा पूर्ण शब्द शोधणारी चाचणी तिथून पुढे नापासच होणार. रकान्यांचे दुखणे वेगळे. औरंगाबाद हा एक शब्द होता, नवे नाव दोन शब्दांचे आहे. नावापुढे लोकसंख्या छापलेली असेल आणि ऑक हे साधन मोकळ्या जागेवर रकाने तोडत असेल, तर दुसऱ्या रकान्यात आकड्याऐवजी ‘संभाजीनगर’ येते. 2011 च्या जनगणनेत अहमदनगरचे रोमन स्पेलिंगही नेहमीच्या वापरातल्यापेक्षा वेगळे आहे. त्या जनगणनेतला जिल्हा क्रमांक 522 मात्र स्पेलिंगवर किंवा नामांतरावर अवलंबून नाही. चाचणीने तुलना त्या क्रमांकावर करावी. नाव वाचकासाठी ठेवावे.

देवनागरीत आणखी एक पदर आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते. ‘अहमदनगर’ची चिन्हे 7, बाइट 21. ‘अहिल्यानगर’ची चिन्हे वेलांटी, हलन्त आणि काना धरून 10, बाइट 30. आता ‘कट’ या साधनाकडे या नावाची पहिली 10 अक्षरे मागितली, तर त्याची जीएनयू आवृत्ती वर्षानुवर्षे अक्षरांऐवजी बाइट मोजत आली आहे. हाती येते ते ‘अहि’ आणि ‘ल’चा तुटलेला पहिला बाइट. फेडोरा आणि रेड हॅटच्या पॅकेजमध्ये वेगळा पॅच असल्याने तीच आज्ञा पूर्ण नाव देते. एकच चाचणी डेबियनवर नापास आणि फेडोरावर उत्तीर्ण होते ती अशी. गिटमध्येही ‘अहिल्यानगर’ नावाची फाइल असली की स्टेटस ही आज्ञा, मूळ सेटिंग बदलले नसेल तर, ते नाव अवतरणचिन्हांत अष्टमान आकड्यांनी छापते. सुरुवातीचा ‘अ’ तिथे \340\244\205 असा दिसतो.

साधने स्वतःही बदलतात. ‘आयएफकॉन्फिग’च्या जुन्या आउटपुटमध्ये आयपी पत्त्याआधी ‘इनेट अ‍ॅडर’ आणि अपूर्णविराम असे. नव्या आवृत्तीत नुसते ‘इनेट’ उरले आणि जुने शब्द शोधणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परतल्या. पायथन आपली आवृत्ती स्टँडर्ड एररवर छापत असे, 3.4 पासून ती स्टँडर्ड आउटपुटवर छापू लागला. आवृत्ती क्रमांकाची पहिली तीन अक्षरे कापणाऱ्यांना 3.10 ही आवृत्ती 3.1 वाटली. 2011 मध्ये लिनक्स 2.6 वरून 3.0 वर गेला, तेव्हा 2.6 गृहीत धरणारे प्रोग्राम इतके अडखळले की जुना क्रमांक सांगण्याची खास सोय कर्नलमध्येच करावी लागली. लोकेलचा, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचाही परिणाम होतो: स्वल्पविरामांसह छापलेला 1,234,567 हा आकडा भारतीय इंग्रजी लोकेलमध्ये 12,34,567 होतो.

खोट्या उत्तीर्णतेचा नेहमीचा मार्ग असा: ‘आउटपुटमध्ये एरर हा शब्द नसेल तर उत्तीर्ण’. प्रोग्राम सुरूच झाला नाही, तर आउटपुट रिकामे राहते आणि ही अट आपोआप पुरी होते. ग्रेप मजकूर सापडल्यास 0, न सापडल्यास 1 आणि स्वतः अडखळल्यास 2 हा एक्झिट कोड देतो; पाइपचा निकाल मात्र साधारणपणे शेवटच्या आज्ञेचाच धरला जातो. म्हणून आउटपुट आधी फाइलमध्ये घ्यावे, मूळ प्रोग्रामचा एक्झिट कोड तपासावा आणि मगच शब्द शोधावा.

उपाय म्हणजे वचन दिलेले स्वरूप मागणे. पर्लच्या 1987 मधल्या पहिल्या आवृत्तीच्या चाचण्यांतूनच ‘टॅप’ हा निकाल छापण्याचा ठरीव नमुना पुढे आला. गिटने 2010 मध्ये स्टेटसला ‘पोर्सिलेन’ हा स्क्रिप्टसाठी स्थिर पर्याय दिला. त्याला ‘झेड’ जोडला की फाइलनावे जशीच्या तशी मिळतात. ‘आयपी’ आणि ‘एलएसबीएलके’ ही साधने मागितल्यास जेसन स्वरूपात आउटपुट देतात. लोकेल ‘सी’ ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मराठी मजकुराला तो घातक आहे, तिथे ‘सी.यूटीएफ-8’ हवे, आणि जीएनयूच्या सी लायब्ररीत ते 2022 च्या 2.35 आवृत्तीपासून अंगभूत आहे.

वापरकर्त्याला दिसणारा संदेश हाच तपासायचा विषय असेल, तर मजकुराची तुलना योग्यच ठरते. जीसीसीच्या चाचण्यांत चुकीच्या ओळीशेजारीच टिप्पणीत अपेक्षित संदेश लिहिलेला असतो, आणि त्या चालवताना लोकेल ‘सी’वर बांधलेले असते.