अर्धा औंस रक्त

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात 1595 साली पुरं झालेलं शवविच्छेदनाचं लाकडी सभागृह आजही उभं आहे. एकावर एक सहा लंबवर्तुळाकार सज्जे, आणि तळाशी विहिरीच्या बुडासारख्या अरुंद जागेत मृतदेहाचं टेबल. कठड्याला रेलून विद्यार्थी खाली वाकून पाहत. शरीर उघडून पाहण्याची इतकी चांगली सोय त्या काळी क्वचितच कुठे असेल. तरीही हृदय नेमकं काय करतं, हे त्या सज्ज्यांवरून कुणाला उमगलं नाही. घोडं अडलं होतं हिशेबापाशी, आणि तो मांडला 1602 साली इथूनच पदवी घेऊन मायदेशी परतलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने.

त्याआधी जवळपास चौदाशे वर्षं प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचा शब्द चालत होता. अन्नापासून यकृतात रक्त बनतं, ते नीलांमधून अवयवांकडे जातं आणि पाटाचं पाणी वाफ्यात जिरावं तसं तिथेच जिरतं. (खाटकाकडचं काळीज म्हणजे यकृत आणि धस्स होतं ते काळीज म्हणजे हृदय, हा मराठीतला घोळ गेलनला फारसा खटकला नसता.) थोडं रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांवाटे डावीकडे पाझरतं, असंही तो सांगे. पडदा तर चांगला जाड, स्नायूंचा. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने 1543च्या ग्रंथात छिद्रं दिसत नाहीत याचं नवल केलं, पण पाझरणं मान्यच केलं. त्याची शंका उघड झाली ती 1555च्या आवृत्तीत. हार्वेचा गुरू फाब्रिशियस याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. नीलांमधल्या झडपांवर त्याने 1603 साली पुस्तक छापलं आणि रक्त पायांकडे एकदम धावून साचू नये म्हणून त्या त्याचा वेग आवरतात, असं ठरवून टाकलं. रक्त हृदयाकडेच जाऊ देणारं एकमार्गी दार त्याच्या हाताखाली होतं. पण नीलांमधलं रक्त बाहेरच जातं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे त्याला ते अर्धवट बांधासारखं दिसलं.

हार्वेचं छोटेखानी लॅटिन पुस्तक 1628 साली फ्रँकफर्टला छापलं गेलं. त्यातला हिशेब शाळकरी मुलालाही जमावा असा आहे. हृदयाच्या एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरा, अर्ध्या तासात हजार ठोके धरा. 500 औंस झाले, म्हणजे आजच्या मापात सुमारे 15 किलो. एवढं रक्त अख्ख्या शरीरात नसतं, आणि कितीही जेवलं तरी अर्ध्या तासात तयार होत नाही. मग तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. गंमत म्हणजे त्याचे आकडे चुकीचे आहेत. विश्रांतीतलं हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त ढकलतं, त्याच्या अंदाजाच्या चौपटीहून जास्त. पण त्याने आकडे मुद्दाम कमी धरले होते, त्यामुळे ते सुधारले की त्याचा युक्तिवाद आणखी पक्का होतो.

यावर कुणी म्हणेल, कैरोच्या इब्न अल-नफीसने पडद्यात छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतून जातं, हे तेराव्या शतकातच लिहिलं होतं. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ कोलोम्बोनेही 1559 साली तेच सांगितलं. खरं आहे, आणि ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण दोघांनी उजवीकडून डावीकडे जाण्याची वाट बदलली. अवयवांत रक्त जिरतं ही समजूत तशीच राहिली, कारण किती रक्त जातं हे विचारलं गेलं नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसत्या गुणाकाराने शरीराबद्दल काही सिद्ध होतं का? हार्वेलाही तसं वाटत नसावं. म्हणून तर त्याने दंडाला पट्टी आवळून, कधी घट्ट कधी सैल, शिरा कुठे फुगतात ते दाखवलं. बोटाने शीर दाबून झडप रक्ताला मागे येऊ देत नाही हेही दाखवलं. हे प्रयोग पादुआत कुणालाही करता आले असते. ते करण्याचं कारण मात्र त्या गुणाकाराने दिलं.

एक भोक उरलंच. रोहिणीतलं रक्त नीलेत शिरतं कुठून, हे हार्वेला दाखवता आलं नाही. 1661 साली इटालियन वैद्य मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि केशवाहिन्या दिसल्या. हार्वेला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.