काचेतून हद्दपार झालेली वेलबुट्टी

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडून खिडकी भरण्याची कला मुंबईत रुजली ती राजाबाई टॉवर (१८७८) आणि बोरीबंदर स्थानकाची इमारत (१८८८) यांसारख्या गॉथिक वास्तूंत, जिथे काचेवर वेलबुट्टी हवीच असे. १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत आणि माटुंग्यात काँक्रीटच्या आर्ट डेको, म्हणजे भौमितिक सजावटीच्या, इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा जिन्याच्या उंच, अरुंद खिडक्यांत वेलींची जागा सूर्यकिरण, लाटा व नागमोडी रेषांनी घेतली. मात्र ही नक्षी बरेचदा काचेपेक्षा लोखंडी जाळीतच उतरली, आणि उकाड्याच्या शहरात वारा खेळता ठेवायला ते शहाणपणाचेच होते. २०१८ साली गॉथिक व आर्ट डेको वास्तूंसाठी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ओव्हल मैदानाचा परिसर आला. दादर-माटुंगा बाहेरच राहिले.