एफेसस धर्मपरिषद

रोमन सम्राट दुसरा थिओडोसियस याने इ. स. ४३१ मध्ये आशिया मायनरमधील एफेसस (सध्याच्या तुर्कस्तानात) येथे बोलावलेली ख्रिस्ती धर्माध्यक्षांची परिषद. येशूची आई मरिया हिला ‘देवमाता’ (ग्रीक : थिओटोकोस) म्हणावे की नाही, या वादाचा निकाल तिने दिला. वाद मरियेच्या नावाने गाजला, तरी मूळ प्रश्न येशूविषयीचा होता : त्याच्यातले देवत्व आणि मनुष्यत्व यांचे नाते कोणते?

कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप नेस्टोरियस याच्या मते अनादी देवाला माता असू शकत नाही. म्हणून ‘ख्रिस्तमाता’ म्हणणे नेमके. यामुळे एकाच ख्रिस्ताचे दोन होतात, असा अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष सिरिल याचा आक्षेप होता. मरियेच्या पोटी आला तो देवपुत्रच, तेव्हा ती देवमाताच. हे संबोधन भाविकांच्या तोंडी आधीच रुळले होते, आणि पोप पहिला सेलेस्टिनही सिरिलच्या बाजूचा होता.

परिषदेचे कामकाज मात्र न्यायाला धरून झाले नाही. अँटिऑकचा जॉन आणि सीरियाकडचे धर्माध्यक्ष वाटेत असतानाच, सम्राटाच्या प्रतिनिधीचा विरोध डावलून, सिरिलने २२ जूनला मरियेच्या नावाच्या चर्चमध्ये बैठक सुरू केली. नेस्टोरियस गैरहजर होता. त्याच दिवशी त्याला पदच्युत केले गेले. रात्री लोकांनी मशाली घेऊन धर्माध्यक्षांना मुक्कामी पोहोचवले. स्त्रिया धूप जाळत पुढे चालल्या होत्या. चार दिवसांनी आलेल्या जॉनने वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत ठरवले. सम्राटाने नेस्टोरियस व सिरिल या दोघांचीही पदच्युती आधी मान्य करून त्यांना कैदेत ठेवले. सिरिलच्या बाजूने दरबाऱ्यांना पोहोचलेल्या गालिचे, हस्तिदंती आसने अशा नजराण्यांची यादी आजही उपलब्ध आहे. अखेर सिरिल आपल्या पदावर परतला. नेस्टोरियस पुढे इजिप्तमध्ये हद्दपारीत वारला.

४३३ मध्ये सिरिल व जॉन यांनी समेट केला. त्या मसुद्यात ‘देवमाता’ही आहे आणि नेस्टोरियसचा ज्यांवर भर होता ते ख्रिस्ताचे (दैवी व मानवी) दोन स्वभावही. तो पाहता नेस्टोरियसवरचा पाखंडाचा शिक्का घाईचा वाटतो.

पर्शियातील चर्चने (‘पूर्वेकडील चर्च’) एफेससचा निकाल मानला नाही. हे चर्च भारतापर्यंत पोहोचले होते : सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने ‘कलियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे ठिकाण बहुधा ठाण्याजवळचे कल्याण असावे. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि याच पूर्वेकडील चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्रात ‘देवमाता’ व ‘ख्रिस्तमाता’ ही दोन्ही संबोधने ग्राह्य ठरवली.