इतिहासाच्या अभ्यासांतील चार शब्द

मुळशी तालुक्यांतील माण हें माझें गांव. तेथें शिक्षकी करीत असतांना चौथीच्या वर्गांतील एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, आजोबांच्या पुस्तकांत शिवाजी महाराजांचें जन्मसाल १६२७ आहे, आपल्या पुस्तकांत १६३०. खरें कोणतें?" मीं म्हणालों, "पुस्तकांत आहे तें पाठ कर." तें उत्तर मला अद्याप बोचतें. त्याचें प्रायश्चित्त म्हणून आज चार शब्दांचा खुलासा करतों.

पहिला शब्द 'साधन'. ज्यावरून गतकाळाचें ज्ञान होतें तें साधन: कागदपत्रें, शिलालेख, ताम्रपट, नाणीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं व १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे खंड प्रसिद्ध केले.

दुसरा शब्द 'समकालीन'. घटना घडली त्याच काळांतील लेख तो समकालीन. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर सुमारें सतरा वर्षांनीं लिहिली गेली. चिटणिसांची तर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं. म्हणून बखर खोटी ठरत नाहीं. पण ती स्मरणाची साक्ष आहे, आणि स्मरणावर काळाचा रंग चढतो.

तिसरा शब्द 'कालगणना'. महाराजांची जन्मतिथि शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, असें आम्ही शिकवितों. त्या हिशेबानें १६२९ येईल! परंतु फाल्गुन हा शकाचा अखेरचा महिना. तोंवर इसवी सन पालटलेला असतो. म्हणून येथें ७९ मिळवावयाचे. तेव्हां तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०, आणि तीही त्या वेळच्या ज्यूलियन गणनेप्रमाणें.

चौथा शब्द 'पडताळा'. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत हीच तिथि आहे. पुढें महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' उजेडांत आलें. त्यांतही हीच तिथि निघाली. एका साक्षीला दुसरीनें दुजोरा दिला, तेव्हां विद्वानांचें मत पालटलें. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानेंही ही तारीख मान्य केली. पुराव्यापुढें मत बदलणें यांत इतिहासाची नामुष्की नाहीं, त्याचें तें सामर्थ्य आहे.

तो मुलगा आतां कर्ता झाला आहे. माणच्या शिवारांत संगणकाच्या कंपन्या आल्या, जुनीं घरें पडलीं. त्याच्या घराच्या माळ्यावरचा मोडी कागदांचा गठ्ठा रद्दींत गेला, असें त्यानेंच मला सांगितलें. दोष त्याचा नव्हे. साधन म्हणजे काय, हें मींच त्याला शिकविलें नव्हतें.

श्रोतेहो, जेधे यांची शकावलीही एका घरांतच जपली गेली होती. आपल्या घरीं अशी पेटी असेल तर ती उघडा, आणि कागद टाकण्यापूर्वीं मोडी जाणणाऱ्यास दाखवा. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच कार्यासाठीं उभें आहे. आणि मुलानें "खरें कोणतें?" असें विचारलें, तर त्याला "पाठ कर" असें मात्र सांगूं नका.