गांधीटोपी (सोलापूर, 1930)

गांधीटोपी : पांढऱ्या खादीची, पुढे-मागे निमुळती, घडी घालून खिशात मावणारी टोपी. दृश्य चिन्हाला अर्थ कसा चिकटतो आणि कसा सुटतो, हे समजून घ्यायला माध्यम-अभ्यासात याहून बोलके मराठी उदाहरण क्वचित सापडेल.

फेर्दिनां द सोस्यूर (1857–1913) यांनी चिन्हाची दोन अंगे मानली : दिसते-ऐकू येते ते चिन्हक, मनात उमटते ते चिन्हित. दोहोंची गाठ समाज बांधतो, आणि शेजारच्या चिन्हांहून असलेल्या वेगळेपणातून अर्थ ठरतो. पगडी, पागोटे, रुमाल यांवरून माणसाची जात, प्रांत, ऐपत ओळखू येई. गांधीटोपी यातले काहीच सांगत नसे. तिचे पहिले सांगणे तेच.

मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटले. 8 मेच्या गोळीबारानंतर शहरावरची सरकारची पकड सुटली. 12 मे ते 30 जून लष्करी कायदा होता. राष्ट्रीय निशाण मिरवणे गुन्हा ठरले, डोक्यांवरच्या गांधीटोप्या उतरवल्या गेल्या. चिन्हाचा अर्थ विरोधकालाही तितकाच स्पष्ट कळला होता, याचा याहून मोठा पुरावा नाही. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली.

विशेष हे, की सोलापूर गिरण्यांचे गाव. जुनी गिरणी 1877पासूनची. दिवसभर यंत्रावर सूत काढणाऱ्या हातांनी चरख्याचे हे राष्ट्रीय निशाण उचलले. तो चरखा त्यांच्या रोजच्या कामाचे चित्र नव्हता. चार्ल्स पर्स यांच्या वर्गवारीत तो साम्यावर उभी असलेली प्रतिमा नव्हे, तर संकेताने मान्य झालेले प्रतीक ठरतो.

स्वातंत्र्यानंतर हीच टोपी पुढाऱ्यांचा पोशाख झाली. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावरही ती राहिली, पण तिथे तिला राजकारण उरले नाही. चित्राच्या अनेक अर्थांपैकी एक शब्दांनी नांगरून ठेवता येतो, असे रोलां बार्थ यांनी 1964 मध्ये मांडले. 1930च्या सोलापुरात कोऱ्या टोपीला शब्द लागले नव्हते. 2011च्या लोकपाल आंदोलनात मात्र तिच्यावर ‘मी अण्णा हजारे’ असे लिहावे लागले.