पोथ्या बुडाल्या, चूल राहिली



तळोजे पाचनंद स्टेशनवरून दिवा-पनवेल गाडी पकडली की थोड्याच वेळात आपण पनवेलला पोहोचतो. साड्या, भांडी, लग्नाची खरेदी, सगळ्यासाठी आपण तिथे जातो. त्याच पनवेलमध्ये १८४९ सालचं एक प्रार्थनाघर आहे, बेथ एल नावाचं. ते आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांचं, म्हणजे बेने इस्रायल समाजाचं. आपल्याकडे त्यांच्या प्रार्थनाघरालाही पूर्वी मशीदच म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनाघर १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

या समाजाबद्दल आज लिहायचं कारण आहे. माझी मुलगी, जावई आणि दोन नातवंडं टोरांटोला कायमची राहायला निघाली आहेत. आपल्या स्वाध्याय मंडळात बातमी कळल्यावर अभिनंदनाआधी प्रश्न आला, "तिकडे धर्म कसा सांभाळणार?" प्रश्न मायेचाच होता आणि माझ्याही मनात तोच होता. म्हणून मी शेजारच्याच माणसांचा इतिहास वाचायला घेतला. एक नव्हे, दोनदा त्यांनी परक्या भूमीवर संसार मांडला आहे.

पहिली गोष्ट फार जुनी. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. सामान गेलं, धर्मग्रंथही समुद्रात गेले. ती माणसं कोकणात राहिली, मराठी बोलू लागली, तेलाचे घाणे चालवू लागली. ज्या गावात राहिली त्या गावाचं नाव त्यांनी आडनावाला लावलं: पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर. बायका नऊवारी नेसू लागल्या, मंगळसूत्र घालू लागल्या.

मग ते ज्यू म्हणून उरले कशामुळे? हिब्रू भाषा विसरली होती. शिकवायला धर्मगुरू नव्हते. कित्येक सणांची आठवण पुसली होती. पण 'शेमा' ही एक प्रार्थना तोंडात राहिली, मुलांची सुंता राहिली, खाण्यापिण्याचे नियम राहिले आणि शनिवार राहिला. शनिवारी ते घाणा बंद ठेवत. इतर तेली सोमवारी घाणा थांबवत, म्हणून गावानं यांना नाव दिलं 'शनवार तेली'. पुढे दूरच्या ज्यूंशी संबंध आला तेव्हा हाच शनिवार आणि खाण्याचे नियम ही त्यांची ओळख ठरली.

आता शनिवारचा नियम घरात कसा पाळला जातो ते बघा. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी रात्र होईपर्यंत चूल पेटवायची नाही. मैत्रिणींनो, हे वाचताना मी थांबलेच. घड्याळाकडे बघत सूर्यास्ताआधी ओटा आवरणाऱ्या बाईला हे काही समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा आहार आपला नव्हे, ते मांसाहारी आहेत. पण दूध आणि मांस एकत्र करायचं नाही हा त्यांचा कडक नियम. कोकणात त्यांनी त्यावर सोपा उपाय काढला आणि कालवणात नारळाचं दूध वापरलं. नवीन वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्या दुधात. विधीसाठी द्राक्षाची वाइन मिळेना, तर काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत केलं. नियम जुना, जिन्नस कोकणातला. हा मेळ स्वयंपाकघरात बसला आणि तिथे बाईचंच राज्य असतं.

दुसरं स्थलांतर आपल्या आजी-आईच्या काळातलं. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला. तेव्हा बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. भारतात त्यांना कुणी छळलं नव्हतं, हे ते स्वतः अभिमानानं सांगतात. तरी पवित्र भूमीची ओढ होती आणि इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचं काय होईल ही काळजीही होती. रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत काम करणारी माणसं बायकामुलं घेऊन निघाली. त्यांना वाटलं, आपण आपल्याच घरी चाललो आहोत.

पण तिथे ते 'इंडियन' ठरले. अनेकांच्या वाट्याला बीरशेबा आणि पुढे डिमोना अशी वाळवंटातली नवी गावं आली. कारकुनी करणाऱ्याला अंगमेहनत करावी लागली. भाषा येत नव्हती. रंगावरून भेदभाव होतो, अशी तक्रार करत १९५१ मध्ये बीरशेबातल्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं. "आम्हाला भारतात परत पाठवा," ही त्यांची मागणी होती. १९५२ मध्ये त्यांतले काही खरोखर परत आले. इथे आल्यावर त्यांच्यापैकी काहींना पुन्हा इस्रायलला जावंसं वाटू लागलं. एकदा उठलेला संसार जुन्या जागी नीट बसत नाही, हे मी आसपासच्या घरांतही पाहिलं आहे.

सगळ्यात मोठा घाव १९६२ चा. तिथल्या मुख्य धर्मपीठानं लग्न लावणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्रायल वधू-वरांची आईकडची वंशावळ, आई, आजी, जितकं मागे जाता येईल तितकं, तपासावी. शंका अशी की कोकणात यांचे घटस्फोट आणि विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते का. म्हणजे ज्या बायकांनी शतकानुशतकं शुक्रवारची चूल वेळेत विझवली, त्यांच्याच नावाचा पुरावा त्यांच्या नातींकडे मागितला गेला. समाज गप्प बसला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं झालं. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं.

आज डिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे हा समाज स्थिरावला आहे. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा तिथेही संदेष्टा एलियाहूच्या नावानं होतो. लग्नाआधी मेंदी लागते. १९८० च्या दशकापासून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघू लागलं. इकडे २०११ च्या जनगणनेत भारतभर ज्यू पाच हजारांहून कमी उरले.

आता आपल्याकडे वळते. आपले मुनी आणि आर्यिका वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात. समुद्रापलीकडे ते जाणार नाहीत. त्यामुळे तिथे धर्म जाईल तो श्रावक-श्राविकेच्या घरातूनच. बेने इस्रायलांनी धर्मगुरूंशिवाय इतका काळ काढला, हा मला मोठा धीर वाटतो.

मुलीशी बोलताना मी तीन गोष्टींवर भर दिला. एक, नियम थोडे ठेव पण रोजचे ठेव. टोरांटोत डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊच्या सुमारास. मुलं शाळेतून येतील तेव्हा थंडीत ताट तयार हवं, एवढं जमलं तरी रात्रिभोजनत्यागाचा धागा तुटणार नाही. दोन, जिन्नस तिथला घे. कांदा-बटाट्याशिवायची भाजी तिथल्या भोपळ्याचीही होते. आणि का खायचं नाही ते मुलांना जिवाच्या भाषेत सांग, "आपल्यात नसतं" एवढ्यावर सोडू नकोस.

तिसरी गोष्ट १९६२ नं शिकवली. आपल्या वंशावळीत पुरुषांचीच नावं असतात. माझ्या आईची आई, तिची आई, त्यांची माहेरची गावं, कुणी कोणती व्रतं केली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सांगलीकडच्या मावशीला फोन करून मी चार पिढ्यांच्या बायकांची नावं मिळवली आणि वहीत उतरवली. पाचवीचं नाव मावशीलाही आठवलं नाही. तुमच्या घरात सांगणारं कुणी असेल तर मैत्रिणींनो, या आठवड्यातच विचारून घ्या.